एक घर, सहा खाती

महाराष्ट्रात म्हातारा माणूस सामाजिक न्याय खात्याकडे असतो आणि दिव्यांग माणूस दिव्यांग कल्याण खात्याकडे. दोघांपैकी कुणाच्या पाठीला पडून पडून जखम झाली, तर ती सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. उत्पन्नाचा दाखला महसूलचा, ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी ग्रामविकासचा. आणि या माणसांना उठवणारी, भरवणारी, पुसणारी जी बाई घरात असते, ती पासष्ट वर्षांची होईपर्यंत महिला व बालविकास खात्याच्या ‘लाडकी बहीण’ यादीत असू शकते. देखभाल करणारी म्हणून तिची नोंद कुठेही नाही.

२०११च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते आणि दिव्यांग म्हणून नोंदवलेले २९ लाख ६३ हजार. पुढची जनगणना लांबली, त्यामुळे कारभार अजून याच आकड्यांवर चालतो. हे दोन आकडे वेगळे छापले जातात, पण माणसं वेगळी नाहीत. वृद्धांच्या आरोग्याची ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात साठीपुढच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना कुठलं ना कुठलं अपंगत्व असल्याचं दिसलं. म्हातारपण आणि अपंगत्व एकाच अंथरुणावर असतं, कित्येकदा एकाच शरीरात.

या विषयावर माझ्या ओळखीची दोन माणसं बरीच वर्षं वाद घालत आली आहेत. एक निवृत्त उपजिल्हाधिकारी. तहसीलदार असताना संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जांचे गठ्ठे त्यांच्या हातांखालून गेले, प्रांत असताना आईवडिलांच्या निर्वाहाची प्रकरणं त्यांनी ऐकली. दुसरी त्यांच्या शाळासोबत्याची बायको. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वय एकसष्ट. घरात शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेल्या. चौतीस वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. नवरा नाही, दोन एकर आणि बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. सासूबाईंना ती आई म्हणते, उपजिल्हाधिकाऱ्यांना भाऊजी. ते तिला वहिनी म्हणतात. इथेही दोघांना तेवढंच म्हणतो. पुढचं बोलणं एका दुपारचं आहे. त्यातलं घरगुती तेवढं गाळलं आहे.

भाऊजी: वहिनी, माझं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे. राज्याला एक कायदा हवा, एक प्राधिकरण हवं आणि अर्थसंकल्पात त्याच्या नावाचं एक लेखाशीर्ष हवं. ज्याला रोजच्या जगण्याला दुसऱ्याचा हात लागतो, तो वीस वर्षांचा असो की नव्वदचा, त्या एकाच छपराखाली. आज हा विषय कुणाचा, तर सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात शेवटचा मुद्दा.

वहिनी: दिव्यांगांचं वेगळं खातं झालंच की. ३ डिसेंबर २०२२ला. देशात पहिलं म्हणाले. आम्ही पालकांनी पेढे वाटले त्या दिवशी. पण माझ्या घरात काय बदललं ते विचारा. पोराचं दिव्यांग कार्ड सिव्हिल हॉस्पिटलमधून निघतं. पैसे संजय गांधीतून, म्हणजे तहसीलमधून. व्हीलचेअर शिबिरातून मिळते, ती पण मापाची नाही. आईंचे पैसे श्रावणबाळमधून. नवीन खातं झालं म्हणजे मला जायला आणखी एक दार झालं.

भाऊजी: खातं नसतं तर तेही झालं नसतं. २०१६च्या दिव्यांग कायद्याचं कलम २४ बघा. इतरांना जी मदत मिळते तिच्यापेक्षा दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के जास्त द्यायची, असं स्पष्ट लिहिलंय. तरी कित्येक वर्षं दोघांना सारखीच रक्कम मिळत होती. २०२३ मध्ये दीड हजार झाली तीही दोघांना सारखीच. २०२५ मध्ये दिव्यांगांचे अडीच हजार झाले. कुणीतरी तो विषय स्वतःचा मानून मंत्रिमंडळापुढे नेल्याशिवाय हे होत नाही.

वहिनी: अडीच हजार नकोत असं मी कुठे म्हटलं? त्यातून डायपर येतात, तेही महिनाभर पुरत नाहीत. पण मला पैशांइतकीच माणसाची गरज आहे, भाऊजी. पहाटे पाचला उठून आईंची कूस बदलायची. लघवीची नळी बघायची, पिशवी रिकामी करायची. मग पोराला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं. तो पंचावन्न किलोचा आहे. पूर्वी हे आणि मी मिळून उचलायचो. आता शेजारचा पोरगा येतो, तोही कंपनीत पहिली पाळी असली की येत नाही. रात्री दोनदा परत कूस. आईंच्या पाठीला जखम झाली तेव्हा ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवायला कोणी नव्हतं. मी मोबाइलवर बघून केलं.

भाऊजी: कागदावर ती सोय आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघायचं. सगळं मार्गदर्शक सूचनांत आहे.

वहिनी: आशाताई येते. तिच्याकडे गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, बीपी-शुगरचे फॉर्म, आयुष्मान कार्ड. आईंना बघते, हात जोडते आणि जाते. तिचा काय दोष? तिच्या कामाच्या यादीत जखम धुणं नाही, आणि ते तिला शिकवलेलंही नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या घराचा खरा पेच खात्यांच्या संख्येत नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही पाच लाख आहेत. पण हा पैसा माणूस रुग्णालयात दाखल झाला तर. सासूबाईंची जखम चिघळून रक्तात जंतू गेले, तर सरकार लाखभर रुपये सहज भरेल. ती जखम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा एक परिचारिका आणि एक हवेची गादी द्यायला मात्र कुठलंही लेखाशीर्ष पुढे येत नाही. मला या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत संताप आणणारी गोष्ट वाटते. भाऊजींनाही ती मान्य आहे. त्यांचं उत्तर वेगळं आहे एवढंच.

भाऊजी: म्हणून तर म्हणतो, आधी एक नोंदवही. आज दिव्यांग कार्डाची यादी वेगळी, संजय गांधीची वेगळी, श्रावणबाळची वेगळी, आरोग्याची वेगळी. एकमेकींशी बोलत नाहीत. तुमच्या घरात दोन अंथरुणं आहेत हे राज्यातल्या एकाही संगणकाला माहीत नाही. नोंद एक झाली की कुणाला काय मिळालं, काय नाही, ते एका पडद्यावर दिसेल.

वहिनी: मला त्याची भीती वाटते.

भाऊजी: भीती कसली?

वहिनी: आईंचा अंगठा उमटत नाही. रेषा झिजल्यात. मागे हयातीच्या दाखल्यावरून त्यांचे पैसे तीन महिने थांबले होते. त्या तीन महिन्यांत पोराचे चालू होते म्हणून घर चाललं. पोराची बोटं आखडलेली, त्याचंही मशीनवर तेच होतं. उद्या तुमची एकच नोंदवही झाली आणि तिच्यात कुणी चुकीचा आकडा टाकला, तर सगळंच एका दिवशी बंद. आज सहा दारं आहेत म्हणून निदान एखादं उघडं असतं.

भाऊजी गप्प झाले. ते प्रामाणिक माणूस आहेत. ही अडचण त्यांनी खुर्चीवरून पाहिलेली आहे. नंतर ते म्हणाले की नोंदवहीसोबत एक नियम हवा: पडताळणी राहिली म्हणून चालू मदत थांबवायची नाही, आणि अंथरुणावरच्या माणसाची पडताळणी सरकारने त्याच्या घरी येऊन करायची. वहिनींनी मान हलवली. मग भाऊजींनीच एक गोष्ट विचारली.

भाऊजी: आईंचं दिव्यांग कार्ड काढलंय का?

वहिनी: आईंचं? त्या म्हाताऱ्या आहेत.

भाऊजी: अर्धं अंग गेलंय, वहिनी. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, चालण्या-हलण्याचं अपंगत्व त्यात येतं. प्रमाणपत्रात टक्केवारी पुरेशी आली की त्यांनाही अडीच हजारांचा दावा करता येईल.

वहिनी: मला कुणी सांगितलंच नाही. आणि सिव्हिलला न्यायचं कसं? चाळीस किलोमीटर. झोपवून न्यावं लागेल, गाडीला तीन हजार. तिथे रांगेत कुठे ठेवू त्यांना?

आठ वर्षं ती बाई आडवी आहे आणि घरच्यांनी, डॉक्टरांनी, आशाताईंनी, कुणीही तिला दिव्यांग म्हणून पाहिलेलं नाही, कारण ती म्हातारी आहे. त्याच घरात तिचा नातू दिव्यांग म्हणून मोजला जातो आणि उद्या तो साठीचा झाला तर म्हातारा म्हणूनही मोजला जाईल. खात्यांची भिंत मंत्रालयात उभी आहे, पण तिची सावली लोकांच्या नजरेतही पडलेली असते.

वृद्ध आणि दिव्यांग एकत्र आणण्याचा मुद्दा निघाला तेव्हा मला वाटलं होतं, वहिनी भाऊजींशी सहमत होतील. तसं झालं नाही.

भाऊजी: म्हणूनच दोन्ही एकत्र हवं. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा आणला. त्यात वय विचारत नाहीत. माणसाला स्वतःचं स्वतः किती करता येतं ते मोजतात, त्याच्या पाच श्रेणी आहेत. घरच्या माणसाने देखभाल केली तर रोख रकमेचाही पर्याय आहे. जपानने २००० मध्ये विमा आणला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा. तिथे देखभाल मंजूर झालेल्या माणसाला एक व्यवस्थापक मिळतो, तो आठवड्याचा आराखडा करतो, कोण कधी येईल ते ठरवतो.

वहिनी: जपानमध्ये तरुण दिव्यांगांना त्याच विम्यात घेतात?

भाऊजी: नाही. त्यांचा कायदा वेगळा आहे.

वहिनी: बघा. माझा मुलगा पेशंट नाही, भाऊजी. त्याला औषध नको, पाठीला हात हवा. त्याला बाजारात जायचं असतं, गणपतीत मंडपात रात्री बसायचं असतं. मोबाइलवर तो एका बोटाने हिशेब लिहितो, गिरणी चालू होती तेव्हा सगळी उधारी त्याच्या डोक्यात असायची. आईंना शेवटची वर्षं वेदना होऊ नये, स्वच्छ राहावं, एवढं हवंय. दोघांना एका छपराखाली घेतलंत तर आधी दोघांनाही खाटेवर झोपवतील. दिव्यांगांच्या संघटनांनी एवढी वर्षं झगडून सांगितलं की आम्ही आजारी नाही. ते पुसू नका.

भाऊजी: म्हणजे दोन वेगळी खातीच बरी?

वहिनी: खाती दोन असोत नाहीतर दहा. माझ्या दारात येणारं माणूस एक असू दे. तिला मी काय लागतं ते एकदा सांगेन. पुढे कुणाच्या टेबलावर काय न्यायचं ते तिने बघावं.

दोघांच्या वादातून मला जे कळलं ते इथे आहे. समन्वय हा शब्द आपण सचिवांच्या बैठकीसाठी वापरतो, आणि बैठक संपली की समन्वयही संपतो. वहिनी मागतात तो समन्वय एका पगारी माणसाचा आहे: अमुक घरांची जबाबदारी हिच्यावर, काही बिनसलं तर जाब हिला, आणि हिच्या सहीने गादी, परिचारिका, गाडी मिळाली पाहिजे. सही चालत नसेल तर ती आणखी एक सर्वेक्षण करणारी बाई होईल.

असं माणूस आपल्याच देशात उभं राहिलेलं आहे. कोळिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी वेदना-उपशामक देखभालीची संस्था सुरू केली, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार त्यातले. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी विणली गेली. लोकांनी थोडे थोडे पैसे घातले, शिकले आणि घरोघर जाऊ लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने याचं धोरण केलं आणि पंचायतींनी आपल्या विकास निधीतून परिचारिका नेमल्या. ती परिचारिका, आशाताई आणि बऱ्याचदा पंचायतीचा सदस्य, असे गाडीने अंथरुणावरच्या माणसाकडे ठरल्या दिवशी जातात. कर्करोग हवाच अशी अट नाही. अर्धांगवायू, मणक्याची इजा, स्मृतिभ्रंश, सगळे त्यात येतात. उपशामक देखभालीचं धोरण महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये केलं. आपल्याकडे कागद आहे. गाडी आणि ठरलेला दिवस बहुतेक गावांना मिळालेला नाही.

वहिनी: मला तेच हवंय. पंचायतीने नर्स ठेवावी.

भाऊजी: आपली पंचायत ठेवूच शकत नाही. केरळात ९४१ ग्रामपंचायती आहेत, एकेक पंचवीस-तीस हजार वस्तीची. आपल्याकडे सत्तावीस हजारांच्या वर. तुमच्या गावची वस्ती किती?

वहिनी: अडीच हजार.

भाऊजी: अडीच हजार वस्तीच्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती? दिव्यांगांना वर्षातून एकदा काहीतरी वाटतात आणि फोटो काढतात, कारण त्या रकमेत दुसरं काही होतच नाही. केरळची पंचायत म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा टापू. तीस हजार लोकांमागे एक केंद्र, हा सपाट भागाचा निकष आहे. २०११च्या प्रमाणाने धरलं तर तीस हजारांत साठीपुढचे तीन हजार आणि दिव्यांग आठशे. त्यातले अंथरुणावरचे आणि घराबाहेर न पडू शकणारे एका परिचारिकेला, एका फिजिओला आणि एका गाडीला झेपतील एवढे असतील. एकक तिथे धरावं लागेल. आणि डझनभर पंचायतींचा निधी एका ठिकाणी आणायचा तर वरून आदेश लागतो. बघा, आलो ना आपण माझ्याच कायद्यापाशी?

वहिनी: आलो. पण कायद्याने मंत्रालयात खुर्च्या वाढवू नका. केंद्रावर माणूस वाढवा.

केरळला डोक्यावर घ्यायचीही गरज नाही. अंथरुणावरच्या माणसाची चोवीस तास देखभाल करणाऱ्या घरच्या माणसाला तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला सहाशे रुपये मिळतात. योजना २०१०ची आहे, रक्कम अपुरी आहे आणि पैसे महिनोन्महिने थकत आल्याच्या तक्रारी आहेत. तरीही त्या राज्याने देखभाल करणारीला कागदावर आणलं. आपल्या २०१६च्या केंद्रीय कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण राज्याने ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ योजना करायच्या आहेत. या तीन शब्दांच्या आड कितीही वर्षं उभं राहता येतं. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजना सुरू केली. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी आणि उपशामक देखभालही घरपोच जाते. म्हणजे आर्थिक क्षमता कशासाठी काढायची हे राज्यं ठरवतातच.

वहिनींनी सहाशे रुपयांवर एक शब्द काढला नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

वहिनी: पुण्यात मावशी ठेवतात ना, ब्युरोकडून? चोवीस तासांची?

भाऊजी: ठेवतात. वीस-पंचवीस हजार घेतात, त्यातलं कमिशन ब्युरोचं.

वहिनी: त्या मावश्या कुठल्या असतात? आमच्याकडच्याच. माझ्या चुलत नणंदेची सून पुण्यात एका म्हातारीकडे राहते. इथे तिच्या स्वतःच्या सासऱ्याला बघायला कोणी नाही. तिला कुणी शिकवलं नाही, सुट्टी नाही, पडली-झडली तर विमा नाही. तुमच्या कायद्यात ती कुठे येते?

भाऊजी: यायलाच हवी. ब्युरोची नोंदणी, शिक्षण, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी.

वहिनी: आणि तिला तिच्याच तालुक्यात, केंद्राच्या पगारावर, वीस घरांचं काम मिळालं तर ती पुण्याला जाईल कशाला?

या प्रश्नाला भाऊजींकडे उत्तर होतं, पैशाचं. वेतनाचा बोजा कायमचा असतो, त्यामुळे वित्त विभाग पहिली हरकत तिथेच घेतो. एकरकमी वाटप त्यांना सोपं वाटतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ मध्ये पासष्टीपुढच्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्चीसाठी एकदा तीन हजार रुपये ठरले, त्याचंही कारण हेच असावं असं ते म्हणाले. ही रक्कम लोकांच्या उपयोगी पडली आहे, ती मी कमी लेखत नाही. पण खुर्ची आली तरी खुर्चीत बसवणारं माणूस लागतं, आणि ते दरमहा लागतं.

मग ज्या विषयाभोवती त्या घरातलं प्रत्येक बोलणं शेवटी जातं, तो निघाला.

वहिनी: आईंचं मी बघेन, मी आहे तोवर त्या असतील किंवा नसतील. पण माझ्यानंतर पोराचं काय?

भाऊजी: २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम म्हटलाय, पण तिथे ‘करू शकेल’ असा शब्द आहे. मातोश्री वृद्धाश्रम १९९५ पासून आहेत. ते मात्र…

वहिनी: ते म्हाताऱ्यांसाठी. तेही चालत्याफिरत्या. बहुतेक ठिकाणी अट तीच असते, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ज्याला करता येत नाही त्यालाच तर आश्रम लागतो ना? आणि पोरासारख्यांना तर अठरा झाले की शाळा संपते, मग घर.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं पूर्ण झाली की या मुलांना बालगृह सोडावं लागू नये, त्यांच्या आयुष्यभराच्या निवाऱ्याचा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. पुरस्कार देणं सोपं असतं. ज्या मागणीसाठी माणूस झिजला ती तशीच राहते, याची खंत मला वाटते. अनाथ मुलांचा हा प्रश्न आईबाप असलेल्या मुलांनाही येऊन गाठतो, फक्त तीस-चाळीस वर्षं उशिराने.

भाऊजी: राष्ट्रीय न्यास कायदा आहे, १९९९चा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, बहुविकलांगता. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमते. तुम्ही स्वतःची नेमणूक करून घेतलीत का?

वहिनी: आईला कसला कागद लागतो?

भाऊजी: अठरानंतर लागतो. बँकेत, जमिनीच्या व्यवहारात. आणि तुमच्यानंतर कोण, तेही आजच ठरायला हवं.

वहिनी: तुम्ही व्हाल?

भाऊजी: मी अडुसष्टचा आहे, वहिनी.

वहिनी: माझा भाचा चाळिशीचा आहे, पण तो नाशिकला. तो सही करेल, पैसे बघेल. आंघोळ कोण घालेल? मला आश्रम नको, भाऊजी. तालुक्याच्या गावात पाच-सहा जणांचं एक घर असू दे, दोन मावश्या, एक रात्रीचा माणूस. पोराला गावच्या जत्रेला येता आलं पाहिजे. पन्नास पालकांनी मिळून जागा देऊ, माझी गिरणीची खोली देते मी. चालवायचा खर्च सरकारने उचलावा आणि तपासायला यावं. तारीख न सांगता यावं.

हा शेवटचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटला. सरकारने सगळं स्वतः चालवावं असं वहिनी म्हणत नाहीत, आणि संस्थेवर सोपवून सरकारने निघून जावं हेही त्यांना मान्य नाही. ज्याला तक्रार करता येत नाही अशा माणसाला जिथे ठेवायचं, तिथे अचानक दार उघडणारं कुणीतरी हवंच, आणि तो अधिकार राज्याचाच आहे. भाऊजींचा कायदा इथे खरोखर लागतो. घराचे निकष, माणसांचं प्रमाण, तपासणी, दंड हे सगळं शेजारधर्मावर सोडता येत नाही. मावशीचा दर महिन्याचा पगारही तसा सोडता येत नाही.

संध्याकाळी भाऊजींनी कोरा कागद घेतला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव लिहायचा होता: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टापूतल्या सगळ्या पंचायतींनी पाच टक्के निधीतला ठरावीक हिस्सा एकत्र करावा, त्यातून घरभेटीची परिचारिका आणि गाडी सुरू व्हावी, उरलेला खर्च जिल्हा परिषदेने द्यावा, अंथरुणावरच्या माणसांचं दिव्यांग प्रमाणपत्र तपासणारं पथक महिन्यातून एकदा केंद्रावर यावं, आणि जे केंद्रापर्यंतही येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जावं. वयाची अट कुठेच घालायची नाही, यावर दोघांचं पटकन जमलं. परिचारिकेने मुलाला ‘पेशंट’ म्हणून नोंदवायचं नाही, ही ओळ वहिनींनी घालायला लावली. ती ठरावाच्या भाषेत कशी बसवायची यावर भाऊजींचा बराच वेळ गेला.

भाऊजी: पाठवायचा कुणाला? सहाय्यक आयुक्त समाजकल्याण, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी…

वहिनी: एकालाच पाठवा.

भाऊजी: मग मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद. आरोग्य केंद्रं, जिल्हा परिषदेचं समाजकल्याण आणि पंचायती, तिन्ही त्यांच्याखाली येतात. प्रमाणपत्राचं पथक तेवढं सिव्हिलचं, ते त्यांनी पत्र देऊन मागवावं.

वहिनी: बाकीच्यांना प्रती नकोत. प्रत मिळाली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल.

भाऊजींनी प्रतींची यादी खोडली. जिल्हाधिकाऱ्यांचं नाव मात्र ठेवलं, कारण पालकत्वाचा अर्ज त्यांच्याच समितीपुढे जाणार होता आणि तो त्यांनी त्याच दुपारी वेगळ्या कागदावर लिहायला घेतला होता. अर्जदार आई, आणि तिच्यानंतर भाचा.